संशयानं बांधलेली घरं

वाडीवाले काका माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. मला पहिला संशय तिथेच आला.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. तेव्हा अलिबागच्या बाजाराजवळ एका मागच्या खोलीत आई आणि मी राहत होतो. भाड्याच्या खोल्या शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे घरमालक नावाच्या जातीचा माझा अभ्यास दांडगा होता. घरमालक आधी नोकरी विचारतो आणि खूश होतो. मग गाव विचारतो. मग उगाच पंख्याकडे बघत म्हणतो, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की त्याच्या घरी अचानक पाहुणे यायचे असतात, नाहीतर मुलीचं लग्न ठरलेलं असतं. ज्यांच्या हे आधी लक्षात येत नसे, ते भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर बघून महिनाभरात शहाणे होत. आई म्हणायची, "आपण सामान बांधूनच राहायचं, म्हणजे सोडताना त्रास न्हाय."

तर हे गृहस्थ आले. थळकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची नारळ-सुपारीची मोठी वाडी. तिथे त्यांनी घरं बांधायला घेतली होती आणि काही भाड्यानं देणार होते, म्हणून मी दवाखान्यातल्या शिपायाकडून निरोप धाडला होता. अंगात बिनइस्त्रीचा पांढरा सदरा, पायात रबरी चपला, हातात छत्री. ऊन असो वा नसो, छत्री उघडीच. ते उंबऱ्यावर बसले. तसबिरीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, मी तुम्हाला फसवणार नाही कशावरून?"

मी म्हटलं, "तेच मी विचारणार होते."

"मग विचारा."

मला रागच आला होता. मी विचारत सुटले. भाडं इतकं कमी का? त्यात तुमचा काय फायदा? मुंबईवाल्यांना घरं विकताय आणि त्याच आवारात आम्हाला भाड्यानं देताय, ती काय आम्ही त्यांची भांडी घासावी म्हणून? पाणी कुठलं? आणि तुम्ही मेल्यावर काय?

शेवटच्या प्रश्नावर आईनं कपाळाला हात लावला. काकांचा चेहरा मात्र उजळला. ते उठले, छत्री उघडली आणि म्हणाले, "घर तुमचं."

माझा संशय दुणावला. आई म्हणाली, "अशाच मोठ्या वाडीवाल्यांच्या ओट्याखाली तुझी आजी उभी राहायची. ओट्यावर चढायची सोय नव्हती. आता हे वर बोलावतायत. जपून ऱ्हा." आम्ही जपूनच गेलो. राहायला गेल्यावरही आईनं बरेच दिवस दोन ट्रंका बांधलेल्याच ठेवल्या.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. लोक आता त्यांच्याबद्दल देवमाणूस वगैरे बोलतात. काकांनी ते ऐकलं असतं तर बोलणाऱ्याचं घर काढून घेतलं असतं. अतिशयोक्ती नाही, तसं खरंच झालं होतं. एसटीतला एक कंडक्टर घर मागायला आला आणि भारावून त्यांच्या पायाच पडला. म्हणाला, तुम्ही आमच्यासाठी देव आहात. काकांनी त्याला चहा दिला आणि घर नाकारलं. "देवाला कुणी जाब विचारतं का? मला जाब विचारणारी माणसं पाहिजेत," असं मला म्हणाले. वर्षभरानं तोच कंडक्टर परत आला, ओळीतल्या रिकाम्या घराचं छप्पर बघितलं, कौलांचा उतार कमी पडतोय, पावसाळ्यात गळणार, असं म्हणून काकांशी हमरीतुमरीवर आला. त्याला घर मिळालं. छपराचा उतारही वाढवला.

एवढा संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुलूप लावून निघाले की वळणापर्यंत जायचे आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचे. स्वतः मासे खात नव्हते, पण थळच्या बाजारात गेले की दुसऱ्यानं घेतलेल्या सुरमईचे कल्ले उचलून बघत आणि "कालची आहे" असं जाहीर करत. कोळणी त्यांना शिव्या घालत. त्या शिव्या ते शांतपणे ऐकून घेत आणि पुढच्या टोपलीकडे वळत. दवाखान्यात आले की आमच्या डॉक्टरांना विचारायचे, "हे औषध तुम्ही आपल्या वडलांना द्याल?" डॉक्टर हो म्हणाले तर पुढचा प्रश्न असे, "वडलांशी तुमचं पटतं ना?"

आणि अशा माणसावर सगळा तालुका संशय घेत होता. या पट्ट्यात ज्याची म्हणून किनाऱ्याजवळ जमीन होती, त्यानं ती मुंबईवाल्यांना विकून कधीच गाडी घेतली होती. हाच एकटा सगळी वाडी विकून मोकळा न होता तिथे नर्स, कंडक्टर, कोळीण, खताच्या कारखान्यातले कंत्राटी कामगार यांना भाड्यानं ठेवतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणारच. कुणी म्हणे याला निवडणूक लढवायची आहे. कुणी म्हणे हा काळा पैसा आहे. माझ्या शेजारच्या घरात थळची चंपाबाय राहायला आली होती. सुकी मासळी विकायची. तिचं मत सगळ्यांत साधं होतं. "येवढा चांगला मानूस हाय, तर बायको कशाला टाकून गेली?"

काकी पुण्याला भावाकडे राहत होत्या, हे खरं होतं. मी कधी विचारलं नाही. एकदा रक्तदाब तपासताना काकांनी आपणहून सांगितलं. "सिस्टर, संशय हे बाहेर वापरायचं हत्यार आहे. मी घरात वापरलं." एवढंच बोलून बाही खाली केली आणि मशीन बरोबर आहे ना, असं विचारलं. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली. पण दया आली म्हणून मी सावधपणा सोडला नाही.

घरं त्यांनी विचित्रच बांधली होती. मुंबईवाल्यांची मोठी घरं एका बाजूला आणि आमची भाड्याची दुसऱ्या बाजूला, असं काही नव्हतं. प्रत्येक मोठ्या घराच्या पाठीला लागून एक भाड्याचं घर, मधली भिंत दोघांची. फाटक एकच. बोअर मारायला सक्त मनाई. समुद्राजवळ बोअर मारली की काही वर्षांत खारं पाणी वर येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण बंगलेवाले तरी मारतातच. इथे सगळ्यांच्या छपरांचं पावसाचं पाणी एका मोठ्या टाकीत उतरायचं, आणि ती टाकी जमिनीखाली, आमच्या भाड्याच्या घरांच्या ओट्यांखाली. न्हाणीघरांचं पाणी चर खणून केळी-नारळांना सोडलं होतं. तो चर मात्र मोठ्या घरांच्या अंगणातून जाई. म्हणजे त्यांचं पिण्याचं पाणी आमच्या पायाखालून येणार आणि आमचं सांडपाणी त्यांच्या केळींना जाणार. मला वाटलं, म्हाताऱ्याला नकाशा काढता येत नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. मुंबईहून घर बघायला जो येई, त्याला ते जेवायला थांबवत. जेवण कुठे, तर वाडीच्या पूर्वेच्या मोकळ्या जागेत, जिथे चंपाबाय काठ्यांवर बोंबील वाळत घालायची. शेजारी जवळा पसरलेला. पानात वरणभात, वर माश्या. पाहुणा रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरून, हवा खायला म्हणून आलेला. काही जण पहिल्या घासालाच उठून गेले. जे पूर्ण जेवले, त्यांनाच घर मिळालं.

बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब असे जेवून आत आले आणि पहिल्याच हिवाळ्यात कुरबूर करायला लागले. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा वास थेट घरांवर येतो. साहेब संध्याकाळच्या बैठकीत उभे राहिले. काकांनी पहिल्या दिवसापासून बैठकीचा शिरस्ता घातला होता. मोठी घरं आणि भाड्याची घरं, दोघांनाही मत.

"आमचं कुणाच्या धंद्याशी वैर नाही," साहेब म्हणाले. "पण एक स्टँडर्ड असतं. बाईंनी मासळी थळला वाळवावी आणि इथे फक्त राहावं."

"थळला जागा कुठाय?" चंपाबाय म्हणाली. "किनाऱ्यावर हॉटेलं झाली. तवाच तर इथं आलो ना?"

"मग आम्ही आमची वेगळी सोसायटी करू. मध्ये भिंत घालू, वेगळं फाटक काढू. तुम्ही तुमच्या बाजूला काय करायचं ते करा."

भिंत आली की फाटकावरचा वॉचमन येतो, वॉचमन आला की वही येते, आणि मग एके दिवशी आमच्या बाजूची घरं डोळ्यांत खुपायला लागतात. हे सगळं मी शहरात बघितलेलं होतं. मी काकांकडे बघितलं. ते साहेबांकडे बघून मान डोलवत होते. मनात म्हटलं, आला हा वळणावर. शेवटी पैसेवाल्यांच्याच पारड्यात बसणार.

काका म्हणाले, "घाला भिंत. माझी हरकत नाही. आधी प्लंबर बोलावून खर्च काढा."

साहेबांनी अलिबागचा चांगला प्लंबर आणला. तो सकाळभर आवारातून फिरला, झाकणं उघडून बघितली, चर बघितला आणि कपाळाचा घाम पुसत चंपाबायच्या ओट्यावर येऊन बसला. "साहेब," तो म्हणाला, "तुमचं पानी या बाईच्या ओट्याखालून येतंय. भिंत घातली तर पानी तिच्याकडं राहील. बोअर मारायची न्हाय म्हनता, मग पिणार काय?"

चंपाबायनं त्याला चहा दिला, साहेबांनाही दिला. साहेबांनी चहा घेतला, कारण ते स्वभावानं वाईट नव्हते, फक्त आजवर त्यांना कुणाच्या ओट्यावर बसायची वेळ आली नव्हती. पहाटेपुरती मासळीवर ताडपत्री घालायची, एवढ्यावर मिटलं.

त्या संध्याकाळी मी काकांना गाठलं. "हे तुम्ही मुद्दाम केलंत. नकाशा चुकलेला नाही."

"सिस्टर, लोक म्हणतात मी माणसांवर विश्वास ठेवून ही वस्ती बांधली." ते छत्रीचं टोक जमिनीवर टेकवत म्हणाले. "माझा काडीचा विश्वास नाही. पैसेवाला आज गोड बोलतो, उद्या गरीब शेजारी नको म्हणतो. तुम्हीही काही साध्या नाही. उद्या हातात पैसा आला की तुम्हीच चंपाच्या मासळीला नाक मुरडाल. म्हणून अशी बांधली, की एकमेकांना काढायचं म्हटलं तरी काढता येऊ नये."

मला ते ऐकून बरं वाटलं असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर अपमान वाटला. मात्र घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, ट्रंका सोड. तिनं एकच सोडली.

त्यांचा संशय कुणाकुणावर नव्हता? जमीन त्यांनी वस्तीतल्या लोकांच्या संस्थेच्या नावावर करून टाकली, कारण वारसांवर विश्वास नव्हता. संस्थेत सगळे सभासद, पण कुठल्याही कागदावर त्यांची सही लागेच, कारण आमच्यावर विश्वास नव्हता. मी हे त्यांच्या तोंडावर बोलून दाखवत असे. "मग राजे तुम्हीच राहिलात की." ते मान डोलवत. "बरोबर. यावर काहीतरी केलं पाहिजे."

आणि मग एक दिवस मी त्यांना फाटकाकडे जाताना बघितलं. ते कुलूप लावून निघाले, वळणापर्यंत गेले आणि सरळ पुढे गेले. परत आले नाहीत. मी ओट्यावर उभी होते. असे आजार मी दवाखान्यात रोज बघते. कुणाचा चष्मा हरवतो, कुणी नातवाचं नाव विसरतो. या माणसाचा संशय हरवायला लागला होता.

त्यानंतर ते बाजारात कल्ले न उचलता पुढे जाऊ लागले. पनवेलचा एक पुतण्या, ज्याला त्यांनी पूर्वी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तो पेढे घेऊन येऊ लागला, आणि काका त्याचे पेढे खाऊ लागले. चांगल्या दिवशी त्यांना स्वतःलाच हे कळत असावं. अशाच एका चांगल्या दिवशी त्यांनी बैठक बोलावली.

"माझी सही काढून टाका," ते म्हणाले. "आजपासून माझ्या सहीनं काहीही होता कामा नये. मी उद्या येऊन काहीही म्हणालो, तरी ऐकू नका."

बँकवाले साहेब घसा साफ करून म्हणाले, "काका, असं कसं? ही सगळी तुमची पुण्याई आहे." कंडक्टर तर डोळे पुसत होता. चंपाबाय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना सही. कुनाला खुपते?"

काका एकेकाच्या तोंडाकडे बघत माझ्यापाशी थांबले. मला ठाऊक होतं, ते काय बघतायत. मी म्हटलं, "काढूया."

"सिस्टर, काही लाज?" कंडक्टर म्हणाला. "म्हातारा माणूस, त्याच्यामुळं डोक्यावर छप्पर आलं."

"म्हणूनच काढूया," मी म्हटलं. पेढेवाला पुतण्या माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि त्याच्यामागे आमची ओळच्या ओळ सामान बांधून रस्त्यावर उभी दिसत होती.

"सिस्टरना सचिव करा," काका म्हणाले आणि छत्री न घेता घरी गेले. मी ती त्यांच्या दारात नेऊन ठेवली.

पुढचं वर्षभर ते ओळीतल्या कडेच्या घरात राहिले, आमच्यासारखेच भाडेकरू म्हणून. कधी ओळखत, कधी नाही. आई त्यांना भाकरी पाठवायची. मग एका दुपारी पांढरी गाडी आली. पुतण्या उतरला, एक एजंट उतरला, आणि मागच्या सीटवरून, नवा कोरा सदरा घातलेले काका. सकाळी त्यांना फिरवायला म्हणून नेलं होतं. एजंटच्या हातात करार होता. सगळी वाडी विकल्याचा. खाली काकांची सही, वळणदार, पूर्वीसारखीच.

"तीन महिन्यांत भाडेकरूंनी खाली करायचं आहे," एजंट म्हणाला. "मालकानं साइन केलंय, मॅडम."

सगळी वस्ती गोळा झाली. मी करार वाचला आणि परत दिला. "हे मालक नाहीत. जमीन संस्थेची आहे. त्यांच्या सहीला संस्थेत अर्थ नाही. तो ठराव त्यांनी स्वतः मांडलाय."

पुतण्या हसला. "म्हणजे आजारी म्हाताऱ्याला गुंडाळून जागा लाटलीत. आणि लाटणारी कोण, तर नर्स. लोकांना सांगतो मी हे." मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, बघा. हिनं तुमची सही काढून टाकली."

काका माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती. "तू माझी जागा खाल्लीस?" ते म्हणाले.

चंपाबाय पुढे झाली. "काका, तुमीच सांगितलं व्हतं ना, ऐकू नका म्हनून?"

"मी? मी कशाला असं सांगेन? मी काय वेडा आहे?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चोर आहे ही."

जे मला चोर म्हणत होते त्यांनीच मला हे सांगितलं होतं, आणि ज्यांनी सांगितलं होतं ते आता कुठेच नव्हते, की ज्यांना साक्षीला बोलवावं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मानेनं नाही नाही म्हणत होते. बँकवाले साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी एजंटला शांतपणे संस्थेच्या वकिलाचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "पुढचं तिकडे बोला." एजंटनं पुतण्याला बाजूला घेतलं. दोघं बरंच बोलले. एजंटचा चेहरा पडला तसा पुतण्याचा आवाज चढला, आणि शेवटी दोघं गाडीत बसून निघून गेले. काकांना न्यायचं त्यांना सुचलं नाही, किंवा आता गरज उरली नव्हती.

काका भर उन्हात तसेच उभे होते. नव्या सदऱ्याच्या कॉलरला दुकानाची चिठ्ठी लटकत होती. लोक पांगले. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला. पुन्हा धरला. मग ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. आईनं आतून चहाचा कप आणून त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी कपाकडे बघितलं. वाकून वास घेतला. "यात काय घातलंय?"

"साखर," मी म्हटलं.

"आधी तू पी."

माणूस आत कुठेतरी जागा होता. मी कप उचलला आणि अर्धा चहा प्यायले. ते माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिले. मला काही होत नाही असं बघून त्यांनी हात पुढे केला. आई लगबगीनं दुसरा कप धुऊन आणायला वळली.

"दुसरा नको," काका म्हणाले. "त्यात काय असेल कुणास ठाऊक."

आणि माझ्या हातातला उष्टा कप घेऊन त्यांनी उरलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. आई दारातच उभी राहिली.